रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याआधी

पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजी शातोरू इथे झाली आणि तिथेच 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 50 मीटर रायफलच्या ‘थ्री पोझिशन’ प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्या दिवशी त्याच्या रायफलीतून उडालेल्या प्रत्येक .22 पुंगळीचे आयुष्य एकाच बारात संपले. .22 ‘रिमफायर’ काडतुसात ठिणगी देणारे रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिनचा आघात त्या कडेवर बसतो, कड चेपते आणि पुंगळी निकामी होते. बुडाच्या मधोमध ठिणगी देणारा वेगळा प्रायमर बसवलेल्या ‘सेंटरफायर’ काडतुसाचे तसे नाही. जुना प्रायमर ठोकून काढला, नवा बसवला, दारू आणि गोळी भरली की तीच पुंगळी पुन्हा कामाला येते. पिस्तुलाच्या कमी दाबाच्या पुंगळ्या दहा-बारा वेळा सहज चालतात, रायफलीच्या त्यापेक्षा कमी.

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरण्याची परंपरा जुनी आहे. 1870 च्या दशकात तिथल्या गवताळ प्रदेशात बायसनच्या मागावर फिरणारे शिकारी तळावर परतले की दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरत. आज ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांना जाणारे कितीतरी रायफलवाले हेच काम आपापल्या गॅरेजमध्ये करतात. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या फेडरल कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत आणि ते आधी वाचायलाच हवेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीची गोडी लागलेल्या मराठी वाचकाला या छंदाची पहिली पायरी कशी चढावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. दारू किती आणि गोळी कोणती, हा प्रमाणित हँडबुकांचा प्रांत. इथे बोलायचे आहे ते फक्त पितळेबद्दल.

पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. बार उडतो तेव्हा ते फुगून बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, तप्त वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसते म्हणून पुंगळी सहज बाहेर येते. या एका क्षणात पितळेवर बरेच काही घडते. आतून काजळी धरते. प्रायमरच्या खळग्यात राख साचते. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचे स्टिफनेट, बेरियमचे नायट्रेट आणि अँटिमनीचे सल्फाइड असते, त्यामुळे त्या राखेत शिसेही उतरते. मग पुंगळी रेंजच्या मातीत पडते. तिला चिकटलेले वाळूचे कण पुढे आकार देण्याच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेले तर डायला ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा त्यानंतरच्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहतो.

म्हणजे सफाईची खरी कारणे तीन: डाय वाचवणे, खळग्यातली राख काढून नवा प्रायमर नीट बसू देणे, आणि पितळ इतके मोकळे करणे की त्यावरची चीर डोळ्यांना दिसावी. चकाकी या यादीत नाही. आरशासारखी पुंगळी बघायला सुंदर दिसते हे खरे, पण ती निस्तेज तरी स्वच्छ पुंगळीपेक्षा अचूक गोळी मारत नाही. नवशिक्यांचा निम्मा वेळ चकाकीच्या हट्टापायी जातो आणि बहुतेक चुकाही त्यापायीच होतात.

कामाची सुरुवात निवडण्यापासून करावी. रेंजवरून उचललेल्या ढिगात काय काय निघेल याचा नेम नसतो. पोलादी पुंगळ्या लोहचुंबक फिरवताच बाजूला येतात. ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या रंगाने फिक्या आणि हाताला हलक्या लागतात. या दोन्ही बाद कराव्यात, रिमफायरही बाद. मग आकाराप्रमाणे वाटणी. इथे एक खोड लक्षात ठेवावी: 9 मिमीची पुंगळी .40 च्या पोटात जाते आणि .40 ची .45 च्या पोटात. सफाईच्या यंत्रात टाकल्यावर त्या एकमेकींत अशा अडकतात की मधल्या भागाला पाणीच लागत नाही, आणि नंतर पक्कड घेऊन बसावे लागते. .380 ऑटोची पुंगळी तर 9 मिमीची धाकटी बहीणच वाटते. बुडावरचा शिक्का वाचल्याशिवाय तिला हाताळू नये.

शिक्का वाचायची सवय लागली की पुंगळीचा ठावठिकाणा कळू लागतो. ‘एलसी’ म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावचा लेक सिटी कारखाना, शेजारी उत्पादनाचे वर्ष. आणि ‘केएफ’ अशी अक्षरे दिसली तर ती पुंगळी आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. 1869 साली सुरू झालेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्याचा हा शिक्का जुन्या लष्करी साठ्यांतून परदेशातही पोहोचला आहे. लष्करी पुंगळ्यांबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रायमरभोवती कड दाबून तो पक्का केलेला असतो, ती दाबलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. दुसरी गोष्ट ठिणगी आत जाण्याच्या भोकाची. मध्यभागी एकच भोक असेल तर ती ‘बॉक्सर’ पद्धत, दोन बारीक भोके असतील तर ‘बर्डन’. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने स्वीकारली बॉक्सरची पद्धत आणि युरोपातल्या बऱ्याच लष्करांनी बर्डनची. घरगुती अवजारांचा प्रायमर ढकलून काढणारा सुळा मधोमध उतरतो. बर्डन पुंगळीत तिथे भोकच नसल्यामुळे सुळा मोडतो. टॉर्चच्या उजेडात तोंडातून आत डोकावले की दोन क्षणांत उलगडा होतो.

प्रायमर आधी काढावा की सफाईनंतर, यावर कोरडी आणि ओली अशा दोन्ही पद्धतींचे लोक भांडतात. ओल्या सफाईत तो आधीच काढावा, म्हणजे खळगा धुऊन निघतो आणि आत पाणी अडकत नाही. त्यासाठी फक्त प्रायमर ढकलणारी, पुंगळीच्या भिंतींना स्पर्श न करणारी स्वतंत्र डाय मिळते. मळक्या पुंगळीसाठी तीच वापरावी. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ढिगात एखादी न उडालेली, प्रायमर जिवंत असलेली पुंगळीही असू शकते. प्रायमरवर पिनेचा खड्डा नसेल तर ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी. जिवंत काडतूस तर टम्बलरमध्ये, म्हणजे सफाईच्या यंत्रात, कधीच टाकू नये.

कोरड्या पद्धतीत थरथरणारे भांडे असते. त्यात मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा दोन-तृतीयांश भरतात आणि पुंगळ्या त्यात सोडतात. अक्रोड कणखर, तो काजळी खरवडतो. मका मऊ, तो झिलई देतो. दोन ते चार तास पुरतात. पॉलिश घालायचे असेल तर आधी नुसत्या भरड्यात टोपणभर टाकून दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालू द्यावे आणि मगच पुंगळ्या टाकाव्यात. ओल्या पॉलिशचे गोळे पुंगळ्यांच्या पोटात जाऊन बसले की काडीने कोरत बसण्याची पाळी येते. कागदी टॉवेलच्या पट्ट्या किंवा वापरलेल्या ड्रायर शीटचे तुकडे सोबत टाकले तर धूळ त्यांना चिकटते आणि भरडा जास्त दिवस टिकतो. तो काळा पडला, किंवा वेळ वाढवूनही पितळ उजळेना, की फेकून द्यावा. त्यात साठलेला काळेपणा म्हणजे काजळी आणि शिसे.

या पद्धतीत प्रायमर आधी काढला असेल तर भरड्याचा कण ठिणगीच्या भोकात अडकतो. म्हणून कोरड्या सफाईत बरेच जण प्रायमर नंतर काढतात, आणि काढताना आतला सुळाच भोकही मोकळे करतो. खळगा मग छोट्या ब्रशने किंवा खळगा खरवडण्याच्या अवजाराने साफ करायचा.

ओल्या पद्धतीने मात्र गेल्या काही वर्षांत अमेरिकन गॅरेजांचे चित्र बदलले आहे. फिरणारे रबरी पिंप, पाणी, साबण आणि स्टेनलेस पोलादाच्या सुईएवढ्या पिना, एवढेच साहित्य. पिना साधारण 1.2 मिमी जाड आणि 6.5 मिमी लांब असतात. त्या पुंगळीच्या आत, गळ्यात आणि प्रायमरच्या खळग्यात शिरतात आणि सगळीकडून घासून काढतात. 15 पौंडांचे पिंप असेल तर हिशोब सोपा आहे: 5 पौंड पिना, 2 पौंड पुंगळ्या आणि गॅलनभर पाणी. गॅलनभर पाणी सव्वाआठ पौंडांच्या आसपास भरते, म्हणजे पिंप काठोकाठ होते. 2 पौंडांत 9 मिमीच्या सव्वादोनशेच्या वर पुंगळ्या मावतात, .223 रायफलीच्या दीडशेच्या आसपास. त्यात भांडी घासायचा द्रव साबण एक-दोन चमचे आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्व, पाव चहाचा चमचा. अनेक जण चमचा शोधत बसत नाहीत. एखादी रिकामी पिस्तुली पुंगळी भरून लिंबूसत्व घेतात, तेच त्यांचे माप.

लिंबूसत्वाचे प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा. ज्या घरात आजही चिंच आणि मीठ लावून पितळेची भांडी उजळतात तिथे याचे कारण सांगायला नको. आम्ल वरचा कळंक विरघळवते आणि जास्त वेळ ठेवले की पितळेलाच हात घालते. जस्त तांब्यापेक्षा आधी सुटते, पृष्ठभागावर तांबे उरते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. हलकी गुलाबी छटा बहुधा वरवरची असते आणि पुढच्या घासणीत जाते. पण वर्षानुवर्षे ओलसर जागी पडलेल्या पुंगळीवर खोल गुलाबी डाग दिसत असतील तर आतले जस्त निघून गेले आहे असे समजावे. ती पुंगळी भंगारात द्यावी. व्हिनेगरमध्ये मीठ घालून पुंगळ्या रात्रभर भिजवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये, आणि क्लोरीनच्या ब्लीचला तर जवळही आणू नये.

पिंप फिरायला एक ते चार तास. पुंगळ्या किती काळ्या आहेत त्यावर ते ठरते. वेळ जितका वाढवाल तितक्या तोंडांच्या कडा एकमेकींवर आपटून ठेचल्या जातात, त्यामुळे उजळल्या की थांबावे. मग काळे पाणी ओतायचे, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने खंगाळायचे आणि पिना वेगळ्या करायच्या. पुंगळ्या पाण्याखालीच झटकल्या तर पिना सहज गळतात. उरलेल्या लोहचुंबकाने उचलाव्यात. या पायरीला घाई नको. .223 सारख्या अरुंद गळ्याच्या पुंगळीत दोन पिना आडव्यातिडव्या अडकून बसतात आणि हलवल्या तरी खडखडत नाहीत. तशीच पुंगळी भरली तर पिन बारासोबत नळीत जाते. म्हणून रायफलीची प्रत्येक पुंगळी एकेक करून उजेडासमोर धरावी, गळ्यातून आणि खालच्या भोकातून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही.

ओल्या सफाईचा आणखी एक परिणाम अनुभवी लोकांना ठाऊक असतो. पिना गळ्याच्या आतली काजळी पूर्ण काढून टाकतात. ती पातळ काजळी गोळी बसवताना वंगणाचे काम करत असते. ती गेली की नितळ पितळेला गोळी धरून बसते आणि बसवायला जास्त जोर लागतो, प्रत्येक वेळी सारखा लागेल असेही नाही. अगदी काटेकोर नेमबाजी करणारे कित्येक जण यामुळे गळा मुद्दाम फार घासत नाहीत, ब्रश फिरवून सोडून देतात. साध्या सरावासाठी हा फरक जाणवणारही नाही.

अल्ट्रासोनिक यंत्रात 40 किलोहर्ट्झच्या आसपासच्या ध्वनिलहरींमुळे द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि काजळी सुटते. आतली सफाई चांगली होते, खळगाही निघतो, झिलई येत नाही. थोड्या पुंगळ्यांसाठी ते सोयीचे. आणि ज्यांच्याकडे कोणतेच यंत्र नाही त्यांनी गरम पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्व, बंद झाकणाची बाटली आणि पाच-दहा मिनिटांचे हलवणे एवढ्यावर भागवावे. पुंगळी भरण्यालायक होते.

आता त्या पदार्थाबद्दल, ज्याच्यापासून पितळेला जिवापाड जपले पाहिजे: अमोनिया. त्याची कथा भारतात घडली. ब्रिटिश लष्कराची काडतुसे इथे पावसाळ्यात कोरडी राहावीत म्हणून तबेल्यांत ठेवली जात आणि काही काळाने, एकही बार न उडवता, त्यांच्या गळ्याला चिरा पडलेल्या आढळत. उकल झाली 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळेत कोंडलेला ताण हे तिघे एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून फाटते. पुंगळी चकतीपासून ओढून ओढून घडवतात, त्यामुळे तिच्यात असा ताण उरतोच. त्यात तोंडाशी गोळी घट्ट धरलेली असते.

उपाय निघाला तो तापवण्याचा. गळा आणि खांदा योग्य तितके तापवले की ताण निवळतो. लष्करी रायफलीच्या पुंगळ्यांच्या गळ्याभोवती जी निळसर-जांभळी झाक दिसते ती याच तापवण्याची खूण आहे. लष्कर ती मुद्दाम तशीच ठेवते, नागरी कारखाने बहुधा घासून काढतात. म्हणून ती झाक मळ समजून रगडत बसू नये.

या इतिहासाचा घरातल्या कपाटाशी थेट संबंध आहे. एनसीसीत बिल्ले आणि बक्कल चमकवलेल्या कुणालाही पितळ म्हटले की आधी ब्रासो आठवते. बक्कलवर दाब येत नाही, ताणही नसतो, तिथे ते ठीक. मूळ ब्रासोसारख्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि तो पुंगळीच्या धातूला आतून दुबळे करू शकतो. पुंगळीला पुढच्या बारात हजारो पौंड प्रति चौरस इंच दाब सोसायचा असतो, तोही चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. त्यामुळे पॉलिश घेताना अमोनिया नाही अशी खात्री करावी. मोटारीला लावायचे अमोनियाविरहित पॉलिश चालते, त्यातल्या मेणाचा पातळ थर पितळ लवकर काळवंडू देत नाही. साठवणही याच हिशोबाने. काच पुसायच्या द्रवाच्या बाटल्या, खतांची पोती आणि मांजराच्या शीच्या पेटीजवळ पुंगळ्या ठेवू नयेत. कातडी पट्ट्यातही भरलेली काडतुसे महिनोनमहिने ठेवू नयेत. कातडे कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे पितळेवर हिरवा कळंक धरतो.

पाऱ्याचेही असेच. जुन्या काळी प्रायमरमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट असे. बार उडाला की मोकळा झालेला पारा पितळेत मुरे आणि ते ठिसूळ करून टाकी. कुणाच्या आजोबांच्या पेटीतून फार जुनी काडतुसे निघाली तर त्यांच्या पुंगळ्या आठवण म्हणून ठेवाव्यात, भरू नयेत.

पितळेला जपताना माणसाला विसरून चालणार नाही. सफाईत सगळ्यात मोठा धोका शिशाचा. कोरड्या टम्बलरचे झाकण उघडले की जो बारीक धुरळा उठतो, भरडा चाळताना जी धूळ उडते, तीत शिसे असते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने 2021 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी खाली आणली. त्याखाली सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही, मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच अजून सापडलेली नाही. त्यामुळे हे यंत्र बैठकीच्या खोलीत किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीच नको. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अधिकच कडक शिस्त हवी. भरडा मोकळ्या हवेत, मास्क लावून चाळावा. हातमोजे घालावेत. काम करताना काही खाऊ-पिऊ नये, सिगारेट ओढू नये, नंतर साबणाने हात धुवावेत आणि कपडे वेगळे धुवावेत. चाळण, टोप, चमचा जे काही लागेल ते फक्त याच कामाचे ठेवावे. पुंगळ्या धुतलेली चाळण पुन्हा भाजीसाठी वापरायची नाही.

या बाबतीत ओली पद्धत सरस आहे, कारण धूळ उडत नाही. पण शिसे नाहीसे होत नाही, ते पाण्यात उतरते. ते काळे पाणी बागेत किंवा तुळशीत ओतू नये. आपल्या भागातल्या घातक कचरा संकलन केंद्राला विचारून त्याची विल्हेवाट लावावी, वापरलेल्या भरड्याचीही तशीच.

धुतलेल्या पुंगळ्या वाळवण्याची पायरी सोपी वाटते आणि नेमकी तिथेच चूक होते. बाहेरून कोरडी दिसणारी पुंगळी आत, बुडाच्या कोपऱ्यात आणि खळग्यात पाण्याचा थेंब धरून बसते. तशीच भरली तर प्रायमर किंवा दारू दमट होते. मग बार उशिरा उडतो किंवा अर्धवट उडतो, आणि अर्धवट उडालेली गोळी नळीत अडकली असताना दुसरा बार टाकला तर नळी फुटते. जुन्या टॉवेलवर घोळवून पाणी टिपावे, मग ताटात पसरून दिवसभर उन्हात ठेवाव्यात. फळे सुकवण्याचे यंत्रही उत्तम, मात्र त्यात पुन्हा फळे सुकवू नयेत. ओव्हन वापरायचाच तर तो या कामाचाच वेगळा असावा आणि उष्णता 100 अंश सेल्सियसच्या आत ठेवावी. पुंगळीचे बूड मुद्दाम टणक ठेवलेले असते, कारण सगळा भार तेच पेलते. ते मऊ होईल अशी कोणतीही आच त्याला लागता कामा नये. वारंवार वापरून गळा ताठर झाला की तो तापवून मऊ करतात खरे, पण ते फक्त गळ्याचे आणि खांद्याचे काम आहे. ओव्हनमध्ये आख्खी पुंगळी तापवणे म्हणजे बूड बिघडवणे.

स्वच्छ, कोरड्या पुंगळ्या समोर आल्या की मग खरे काम सुरू होते, आणि इथे वेळ घालवायला कचरू नये. मूठभर पुंगळ्या हातात घेऊन हलक्या खुळखुळवाव्यात. माठ घेताना वाजवून पाहतात तसा इथेही कान लावावा: धड पुंगळ्या खणखणतात, एखादी चिरलेली असेल तर तिचा आवाज बद्द येतो. मग एकेक डोळ्यांखालून घालावी. गळ्याला उभी चीर आहे का? तोंड चेपले आहे का? प्रायमरच्या खळग्याभोवती काळे डाग, म्हणजे वायू गळल्याची खूण, दिसते का? आणि रायफलीच्या पुंगळीवर बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर, गोल फिरलेली एखादी उजळ रेघ? ही रेघ सगळ्यात महत्त्वाची. पुंगळी वारंवार ताणली गेली की तिथली भिंत आतून पातळ होत जाते आणि एके दिवशी बूड एकीकडे व धड एकीकडे होते. शंका आली तर कागदाच्या टाचणीची, म्हणजे पेपरक्लिपची, एक तार सरळ करून तिचे टोक किंचित वाकवावे आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून बुडापासून वर ओढावे. टोक खाचेत अडखळले की पुंगळी बाद. बाद झालेल्या पुंगळीचे तोंड पक्कडीने चेपून टाकावे, म्हणजे ती चुकून परत ढिगात मिसळणार नाही.

आकार देण्यासाठी पुंगळीला वंगण लावले असेल तर ते भरण्याआधी काढायला हवे. पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहिली तरच बुडावरचा भार कमी होतो. तेलकट पुंगळी सरकते आणि सगळा भार बंदुकीच्या बोल्टवर येतो. कापडाने पुसणे किंवा मक्याच्या भरड्यात थोडा वेळ फिरवणे पुरते. सरळ भिंतीच्या पिस्तुली पुंगळ्यांसाठी कार्बाइडची डाय घेतली तर वंगणाची भानगडच राहत नाही, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

तयार पुंगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर चिठ्ठी लावावी: आकार, बनावट, कितीदा भरल्या. एकाच डब्यातल्या पुंगळ्या सोबतच वापराव्यात, सोबतच निवृत्त कराव्यात. ओल्या पद्धतीने पूर्ण नितळ झालेले पितळ हवेत लवकर काळवंडते. त्या काळवंडण्याने काही बिघडत नाही. ते घालवण्यासाठी पुन्हा पिंप फिरवण्याची गरज नाही.

आणखी एक सूचना भारतात ये-जा करणाऱ्यांसाठी. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तीत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात, आणि त्याच कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तेव्हा घासूनपुसून ठेवलेली एखादी पुंगळी पुतण्याला दाखवायला म्हणून, किंवा किल्लीच्या जुडग्यात शोभेला म्हणून, मुंबईच्या विमानात नेऊ नये. रेंजवर नेलेली बॅगच प्रवासाला घ्यायची असेल तर निघण्याआधी तिचे सगळे कप्पे, अगदी अस्तराच्या कोपऱ्यापर्यंत, उलटे करून झटकावेत. 9 मिमीची पुंगळी जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची असते आणि शिवणीत सहज लपते.